तीन नंबर चेंबरचा आकडा

कोल्ड स्टोरेजमध्ये माझ्या ताब्यात जेवढी यंत्रं होती, त्यांतल्या फक्त एकाची मला भीती वाटायची. ते म्हणजे ऑफिसच्या मागच्या खोलीतला सर्व्हर. कपाटाएवढा उंच, काळा, आणि इतकी वर्षं अखंड चालू की त्याचा घूंऽऽ आवाज कानाला ऐकू येईनासा झाला होता. चुकून थांबला असता तरच कळलं असतं.

आमचं स्टोरेज पेठच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडं आत आहे. वरच्या पठारावरचा बटाटा आमच्याकडे येतो. मी निरगुडसरहून स्कूटीवर येते. गेटपास, चेंबरवार साठा, हजेरी आणि कॉम्प्युटर या नावाखाली जे काही येईल ते सगळं माझ्याकडे. सकाळी आल्यावर दिवसाची कामं कागदावर उतरवायची आणि झालं की खोडायचं, ही माझी सवय. त्या सवयीवर ऑफिसात सगळे हसतात आणि काही हवं असलं की त्याच कागदाकडे बोट दाखवतात.

सर्व्हर मालकांनी आणलेला. त्यांना सगळे शेठ म्हणतात. ओतूरला त्यांचं बियाण्याचं जुनं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ रागावतात तेसुद्धा मराठीतच. पुण्यातला एक कारखाना बंद होताना त्यांनी हा सर्व्हर, तो ज्यावर चालतो ते विकतचं युनिक्स आणि त्यासोबतचा कंपायलर असं सगळं एकगठ्ठा उचललं होतं. सगळ्या चेंबरच्या वायरी भिंतींतून येऊन त्याच्या पाठीत शिरत. तापमान तोच वाचायचा, भोंगा तोच वाजवायचा. बंद केला तर त्याच्या डिस्क पुन्हा फिरतील का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी शेठनी प्रत्येक चेंबरमध्ये गॅसचे मीटर बसवायचं ठरवलं. बटाटा जमिनीतून काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो. बंद खोलीत हजारो गोणी श्वास घेत राहिल्या की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. म्हणून चेंबरला ताजी हवा घेणारा वेगळा पंखा असतो. मीटर आले, बसले, जुन्याच वायरींना जोडले गेले. पण ते वाचणारा प्रोग्रॅम पायथन भाषेत होता, आणि आमच्या सर्व्हरला पायथन ठाऊकच नव्हतं.

"नवा पीसी घ्या ना मॅडम," मीटर देणाऱ्या कंपनीचा पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला.

"आणि वायरी?"

"त्या नव्यानं टाकाव्या लागतील."

शेठ शेजारीच होते. "भिंती फोडायच्या नाहीत," ते म्हणाले. "चेंबर भरलेत. दुसरं काही असेल तर बोल म्हणावं."

दुसरं म्हणजे एकच होतं. भाषेचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स म्हणतात, तो आणायचा आणि आमच्या सर्व्हरवरच कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनला समजेल अशा रूपात घडवून घ्यायचा. साध्या पीसीवर तयार भाषा एका क्लिकवर मिळते. आमच्या युनिक्ससाठी कोणी तयार करून ठेवलेली नव्हती.

मी कागदावर आधी काय करायचं नाही ते लिहिलं. सर्व्हर बंद करायचा नाही. त्याच्या मूळ फोल्डरला हात लावायचा नाही, सगळं स्वतंत्र जागी ठेवायचं. तापमानाचा प्रोग्रॅम क्षणभरही थांबू द्यायचा नाही.

सोर्सचं गाठोडं ऑफिसच्या पीसीवरून पाठवलं. सर्व्हरच्या स्वतःच्या सोडणाऱ्या कमांडनं ते सोडलं तर लांब नावांच्या फायलींची शेपटंच कापली गेली. ते पुसून पीसीवर सोडलं आणि फायली तशाच नेल्या. मग तपासणीची पहिली पायरी. सर्व्हर स्वतःलाच प्रश्न विचारत जातो. हे आहे का, आहे. ते आहे का, नाही. ओळी पळत असतात आणि प्रत्येक 'नाही' मी कागदावर टिपते. खरं कंपाइल सुरू झालं तेव्हा तापमानाचे आकडे उशिरा यायला लागले. मी ताबडतोब थांबवलं, कंपाइलला सगळ्यांत खालचा प्राधान्यक्रम दिला आणि पुन्हा सुरू केलं. मग ते मुंगीच्या पावलानं चाललं. मध्येच डिस्कची एक जागा भरत आली, म्हणून तात्पुरत्या फायली दुसरीकडे वळवल्या. एकदा एक चूक दाखवून सगळं अडलं. अर्ध्या तासानं कळलं की त्याला सर्व्हरचा स्वतःचा 'मेक', म्हणजे कंपाइलच्या पायऱ्या क्रमानं चालवणारा प्रोग्रॅम, चालत नव्हता, दुसऱ्या जातीचा लागत होता. दुसऱ्या जातीचा मेक आधी कंपाइल केला.

असे कितीतरी दिवस गेले. घरी स्वयंपाक करतानाही मला तो घूंऽऽ आवाज ऐकू यायचा आणि तो थांबल्याचा भास व्हायचा. नवरा म्हणाला, "अगं, बटाटेच तर आहेत." बटाटे नव्हते नुसते. पठारावरच्या किती घरांचं पुढच्या हंगामाचं बेणं आमच्याकडे होतं, ते मला चेंबरवार पाठ होतं.

शेवटी कंपाइल पूर्ण झालं. त्यानंतर भाषेच्या स्वतःच्या चाचण्या चालवायच्या असतात. शेकडो पास झाल्या, काही नापास झाल्या. त्यांतली एक आकड्यांच्या हाताळणीशी संबंधित होती. मी ती कागदावर लिहून खाली रेघ मारली.

हे सगळं होऊन मीटर जोडायचा दिवस उजाडला तो नेमका खंडेनवमीचा.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनला आराम असतो. कॉम्प्रेसर बंद करतात, धुतात, पुसतात. हळदकुंकू, झेंडूचे हार, आंब्याचा टहाळा. कोहळा फोडतात, मग दुपारनंतर पुन्हा चालू. दार उघडलं नाही तर चेंबरची थंडी तेवढा वेळ टिकते. हे सगळं करायचे आमचे ऑपरेटर. मूळचे पठारावरचे, स्टोरेज उभं राहिल्यापासून इथलेच. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही.

गेट बंद, गाड्या नाहीत, गेटपास नाहीत. मला निवांत काम करायला असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. भाऊ झेंडूची टोपली घेऊन ऑफिसच्या दारात आले.

"ताई, तुमच्या त्या काळ्या कपाटाला आराम न्हाई का आज?"

"त्याला आराम दिला तर तो परत उठायचा नाही, भाऊ."

"आमच्या सासऱ्यावानी हाय मंग." त्यांनी दारातूनच सर्व्हरला एक फूल वाहिलं. "आमी बगा समद्यांना सुट्टी दिली. बारक्या पंख्यांना बी. दरवर्षी कॉम्प्रेसर सुट्टीवर आन् ती बिचारी राबत्यात. काल सांच्यालाच बटन खाली केलं."

मी हसले. स्क्रीनवर ओळी येत होत्या, माझं लक्ष त्यांच्यात होतं. बारके पंखे म्हणजे कोणते, हे मी विचारलं नाही.

पहिला मीटर तीन नंबर चेंबरचा जोडायचा होता. तो नुकताच दारापर्यंत भरला होता. पठारावरून काढलेला ताजा बटाटा, अजून पुरता गारही न झालेला. मी प्रोग्रॅम चालवला. माझ्या हातानं घडवलेल्या भाषेतला पहिला खरा आकडा स्क्रीनवर आला.

त्रेचाळीस हजार आणि काही.

बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा हा आकडा, हवेच्या दहा लाख भागांत किती भाग असा, चारशेच्या आसपास असतो. मीटरसोबतच्या पुस्तकात पाच हजाराच्या पुढे सावधानतेचं पान होतं, आणि चाळीस हजाराशी 'जिवाला धोका' असं छापलेलं. मी पुन्हा चालवला. पुन्हा त्रेचाळीस हजार, थोडा वरच.

पहिला विचार आला तो त्या नापास चाचणीचा. भाषाच चुकीची घडली आहे. एवढे दिवस, एवढी भीती, आणि शेवटी हे. मी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, तुमचं मशीन जुन्या मोठ्या कंपनीचं आहे ना?" इंजिनिअर म्हणाला. मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता, तोही सुट्टीवर होता. "मग सोपं आहे. आकडा दोन भागांत येतो. आमचे पीसी धाकटा भाग आधी वाचतात, तुमच्यासारखी मशीनं थोरला आधी. आकडा उलटा वाचला जातोय. प्रोग्रॅममध्ये दोन भागांची अदलाबदल करा, झालं."

मी अदलाबदल केली. आकडा आला नऊशे छत्तीस.

भरलेल्या चेंबरला शोभेल असा, अगदी शहाण्यासारखा आकडा. शेठ मागे उभे होते, त्यांनी खिशातला चष्मा काढून वाचला. "जमलं की! बाहेर जाऊन पेढा घ्या, मॅडम. भाऊंनी ताटं मांडलीत."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, घोटभर पाणी पिईपर्यंत. मग मला जाणवलं की मी तो आकडा नुसता आवडला म्हणून धरून ठेवला होता. एका आकड्यानं मला घाबरवलं, दुसऱ्यानं समजूत घातली. त्यांतला खरा कोणता, हे मी कशावरून ठरवलं? फोनवरच्या माणसानं चेंबर पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला.

कागदावर पुढचं काम होतं एक नंबरचा मीटर. एक नंबर चेंबर रिकामा होता, दारं सताड उघडी, आत बायका बसून हार ओवत होत्या. त्यांच्या गप्पा ऑफिसपर्यंत येत होत्या. तिथं बाहेरचीच हवा होती. तिथला आकडा काय यायला हवा, ते मला आधीच माहीत होतं.

मी एक नंबर जोडला. अदलाबदल केलेल्या प्रोग्रॅमनं सांगितलं, जवळजवळ चाळीस हजार.

हसत हार ओवणाऱ्या बायकांच्या खोलीत चाळीस हजार. अशक्य. मी अदलाबदल काढून टाकली आणि पुन्हा चालवला. चारशे बारा.

मी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. भाषा बरोबर घडली होती. पहिलाच आकडा बरोबर होता. अदलाबदल चुकीची होती. म्हणजे तीन नंबरमध्ये खरोखर त्रेचाळीस हजार होते. बारके पंखे म्हणजे ताज्या हवेचे पंखे. काल सांच्यालाच बटन खाली केलं.

"शेठ, भाऊ कुठायत?"

"असतील कॉम्प्रेसरपाशी."

गेटवरचा वॉचमन दारातच पेढा खात होता. तो म्हणाला, "न्हाई, तीन नंबरात गेल्यात. आतल्या पंख्याला हार घालायला. आत्ताच काडेपेटी न्यायला आलते. म्हनं, दिवा ऱ्हातच न्हाई, सारखा इझतोय."

पंखा बंद. दार लोटलेलं. आत वाऱ्याची झुळूकही नव्हती. दिवा कशानं विझत होता ते मला कळलं, आणि त्यानंतर मी पळाले तेवढी शाळेतही पळाले नव्हते.

दार उघडं केलं. आत अंधूक बल्ब, दोन्ही बाजूंना छतापर्यंत गोणी, मध्ये बोळ. बोळाच्या टोकाला भाऊ भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर ताट होतं.

"भाऊ! बाहेर या! लगेच!"

"येतो की..." आवाज जड होता, जागं होताना असतो तसा. "दम लागलाय वाईच. डोकं... ताई, जरा बसतो आन् येतो."

"बसू नका! उठा!"

ते उठले नाहीत. हसल्यासारखं काहीतरी केलं. वॉचमन माझ्या बाजूनं आत घुसायला निघाला. मी त्याचा सदरा मागून धरला. वर्तमानपत्रात वाचलेल्या विहिरींच्या बातम्या डोळ्यांपुढे आल्या. एक उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा.

"सोडा की ताई, मरंल त्यो!"

"तूही मरशील. दोर आण. गाडीचा दोर!"

मालाच्या गाड्या आवळायचे दोर दारामागेच टांगलेले असत. त्यानं कमरेला बांधला. मी शेठकडे वळले. "पंखा चालू करा."

शेठ बटणापाशी होते. बटणावर हळदीकुंकवाची बोटं आणि टाचलेलं झेंडूचं फूल होतं. पूजा पुरी झालेली नव्हती, कोहळा फुटलेला नव्हता. त्यांचा हात हवेत क्षणभर अडखळला, तो मी पाहिला. त्यांनी फूल तसंच ठेवून बटण वर केलं. वर कुठेतरी पाती खडखडली आणि फिरू लागली.

"आत श्वास घेऊ नकोस," मी वॉचमनला म्हणाले. "दोर ढिला पडला की आम्ही ओढणार."

तो गेला. दोर माझ्या आणि शेठच्या मुठीतून सरकत होता. एक नंबरातल्या बायका हातात ओवलेले हार घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. माझं सगळं लक्ष मुठीत होतं. दोर सरकतोय, सरकतोय, थांबला. मी ओढायच्या बेतात होते. मग ताट पडल्याचा आवाज आला आणि वॉचमन भाऊंना काखेत धरून उलटा चालत येताना दिसला. आम्ही ओढलं. ओढताना शेठची टोपी पडली, ती कोणीतरी तुडवली.

भाऊंना उन्हात, मोकळ्यावर निजवलं. ओठ निळसर, कपाळावर घाम, छाती भात्यासारखी. एका बाईनं पदरानं वारा घालायला सुरुवात केली. ते कुशीवर वळले आणि ओकले. मग डोळे उघडून सगळ्यांकडे बघत राहिले.

"काय झालं?" ते म्हणाले. "कुनाचं काय झालं?"

"तुमचंच," वॉचमन धापा टाकत म्हणाला. "म्हातारपनी वजन लई वाढवलंय राव. बटाट्याची गोन परवडली."

शेठनी स्वतः गाडी काढली आणि भाऊंना मंचरच्या दवाखान्यात नेलं.

मी ऑफिसात येऊन स्क्रीनसमोर बसले. दुसरं काही करायला सुचतच नव्हतं. दर थोड्या वेळानं प्रोग्रॅम चालवायचा आणि आकडा पाहायचा. एकोणचाळीस हजार. चौतीस. सत्तावीस. फार हळू उतरत होता. फोन वाजला. शेठच्या फोनवरून भाऊच बोलत होते, तोंडावर नळी लावलेली असावी, आवाज डब्यातून आल्यासारखा.

"ताई, किती हाय आता?"

"तुम्ही पडून राहा. डॉक्टर काय म्हणाले?"

"ठेवनार म्हनं उद्यापतुर. आकडा सांगा की."

"एकोणीस हजार."

"आन् माल?"

"माल ठीक आहे."

मग हलक्या आवाजात म्हणाले, "आतल्या पंख्याचा हार ऱ्हायला. तेवढा घाला कुनीतरी. तसाच नगा ठेवू त्याला."

ऊन कलायला लागलं तेव्हा आकडा सहाशेच्या खाली आला. शेठ परत आले होते. कॉम्प्रेसर चालू करायचे होते, त्याआधी कोहळा फोडायचा होता, आणि त्याआधी तीन नंबरातल्या पंख्याला हार. तीन नंबरच्या दारासमोर सगळे उभे राहिले. दार सताड उघडं होतं. आत पाय कोणी टाकेना. वॉचमनसुद्धा हाताची घडी घालून उभा.

"आकडा काय म्हनतोय त्यो खरा ना, ताई?" त्यानं विचारलं.

मी ऑफिसात जाऊन स्क्रीन पुन्हा पाहून आले. एक नंबर चारशे दहा, तीन नंबर पाचशे ऐंशी. भाषा माझी घडवलेली, आकडा माझा, आणि नापास झालेल्या चाचण्यांचं उत्तर अजून माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या कोणाला जा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

"दोर दे," मी म्हणाले.

साडीवरूनच कमरेला दोर बांधला. शेठ म्हणाले, "मॅडम, उद्या बघू." पण ताट मी उचललं होतं. वॉचमननं दोराचं टोक हाताला गुंडाळलं.

"बोलत ऱ्हावा," तो म्हणाला. "गप झाला की मी ओढनार, मंग साडीबिडी बघनार न्हाई."

आत शिरले. गोणींचा मातकट गारवा अंगावर आला. छाती धडधडत होती. धडधड भीतीची की हवेची, मला समजत नव्हतं, म्हणून मी बोलायला लागले. काय बोलायचं ते सुचेना, तर उद्याची कामं म्हणायला सुरुवात केली.

"तीन नंबरचं दार रोज उघडायचं."

"हां," बाहेरून आवाज आला.

"पंख्याच्या बटणावर पाटी लावायची, बंद करायचं नाही म्हणून. पुण्याला फोन करून सांगायचं, अदलाबदल कोणाला करायला सांगू नका. नापास चाचण्या बघायच्या."

"मोठ्यानं!"

"भाऊंना डबा न्यायचा!" मी ओरडले. पंख्यापाशी पोचले होते. हार हातात होता, पण त्याचा दोरा जाळीला अडकेना. "सर्व्हरच्या खोलीत आकडा चढला की वाजेल अशी घंटा लावायची! इथल्या अंधारासाठी हातातली बॅटरी आणायची! दोन!"

"आनखी?"

"आणखी..." हार अडकला. "आणखी नाही. ओढ आता. मी येतेय, पण तू ओढ."